आरशाने पकडलेली चूक

कार्यक्रम सुरू होताना आवाज खणखणीत. मध्यावर येईतो तो घोगरा होई आणि शेवटाला तर घशातून शब्द फुटेना. एकोणिसावे शतक संपत आले असताना ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे म्हणून दाखवणाऱ्या एका तरुण कलावंताची ही अवस्था झाली होती. आवाज हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. आपला घसा का बसतो, याचा शोध घेता घेता तो अशा एका गोष्टीपाशी पोहोचला, जी आज संगणकापुढे मान वाकवून बसणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. त्याचे नाव फ्रेडरिक मॅथियास अलेक्झांडर.

अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी टास्मानिया बेटावरील विनयार्ड गावाजवळ झाला. वडील लोहारकाम करीत. दिवस भरण्याआधीच जन्मलेले हे मूल अशक्त होते आणि श्वासाच्या तक्रारीने वारंवार आजारी पडे. नाटकाची आणि घोड्यांची आवड मात्र लहानपणापासूनची. पुढे एका कथिलाच्या खाणीच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली, थोडे पैसे गाठीला बांधले आणि विशीत मेलबर्न गाठले. तिथे नाट्यवाचनात जम बसतो न बसतो, तोच आवाज दगा देऊ लागला.

डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली. एका महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी दोन आठवडे अलेक्झांडर शक्य तितके गप्प राहिले. सुरुवात उत्तम झाली, पण निम्मा कार्यक्रम होईपर्यंत पुन्हा तेच. ते परत डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला. विश्रांतीने घसा बरा होतो आणि कार्यक्रमात पुन्हा बिघडतो, याचा अर्थ म्हणताना मीच काहीतरी चुकीचे करीत असलो पाहिजे ना? डॉक्टरांना ते पटले. पण ती चूक नेमकी कोणती, हे त्यांना सांगता येईना. ते आता स्वतःच शोधायचे, असे ठरवून अलेक्झांडर घरी परतले.

साधन एकच होते, आरसा. त्यापुढे उभे राहून ते आधी साधे बोलले. काही वावगे दिसले नाही. मग रंगमंचावर म्हणतात तसा उतारा म्हटला आणि तीन गोष्टी लक्षात आल्या. तोंड उघडताच डोके मागे खेचले जात होते, स्वरयंत्र खाली दाबले जात होते आणि श्वास तोंडावाटे आवाज करीत आत ओढला जात होता. पुन्हा साधे बोलून पाहिले, तर याच तिन्ही गोष्टी तिथेही होत्या, फक्त सौम्य प्रमाणात. स्वरयंत्र किंवा श्वास थेट ताब्यात येईना. पण डोके मागे खेचणे थोडे जरी आवरले, तरी उरलेल्या दोन्ही गोष्टी आपोआप सैल पडत. पुढे त्यांना दिसले, की डोक्याबरोबर छातीही उचलली जाते आणि पाठ आखडते. एका शिक्षकाने पायांनी जमीन घट्ट धरायला शिकवले होते; त्या सवयीचा ताणही पायांपासून मानेपर्यंत पसरत होता. म्हणजे घशाचे दुखणे एकट्या घशाचे नव्हते.

खरी गंमत पुढेच आहे. डोके मागे जाते ना, मग पुढे न्यायचे, असे त्यांनी ठरवले. तसे ते करू लागले आणि जमते आहे असे त्यांना वाटलेही. खात्रीसाठी दोन्ही बाजूंना आणखी दोन आरसे लावले, तेव्हा दिसले, की बोलायच्या क्षणी डोके पूर्वीसारखेच मागे जाते आहे. शरीराला जे पुढे वाटत होते, ते प्रत्यक्षात मागे होते.

याचे शास्त्रीय कारण आज समजते. स्नायू, कंडरा आणि सांधे यांतील संवेदक आपल्या अवयवांची स्थिती मेंदूला सतत कळवत असतात. यालाच आपण शरीरभान म्हणू. पण बराच काळ एकाच ढबीत राहिले, की मेंदू तीच ढब नेहमीची म्हणून धरून चालतो. मग वाकडेपण सरळ वाटते आणि सरळ केले तर अवघडल्यासारखे होते. एखाद्याला ताठ बस म्हटले, की तो छाती काढून, कंबर आवळून बसतो आणि पाच मिनिटांत थकतो, त्याचेही कारण हेच. जुन्या ताणावर तो नवा ताण चढवत असतो.

निव्वळ जिद्दीने सुधारणा होत नाही, हे कळल्यावर अलेक्झांडर यांनी वेगळी वाट धरली. बोलायचा विचार मनात येताच आधी थांबायचे, लगेच काहीच करायचे नाही. मग मनातल्या मनात सूचना द्यायच्या, की मान मोकळी राहू दे, डोके पुढे व वर जाऊ दे, पाठ लांब व रुंद होऊ दे. त्यानंतरही बोललेच पाहिजे असे नाही. कधी बोलायचे, कधी नुसता हात उचलायचा, कधी काहीच करायचे नाही. विचार आणि कृती यांच्यातील त्या क्षणभराच्या फटीतच सवय आत शिरते, हे त्यांनी ओळखले होते. हा सराव दीर्घकाळ चालला. आवाज परत आला, लहानपणापासूनची श्वासाची तक्रारही कमी झाली.

इतर नट आणि गायक शिकायला येऊ लागले, डॉक्टर रुग्ण पाठवू लागले. मेलबर्ननंतर सिडनी, आणि १९०४ साली एका शल्यचिकित्सकाचे शिफारसपत्र घेऊन लंडन. १९१० साली त्यांचे पहिले पुस्तक आले. मानवी वंशांविषयी त्या काळी बोकाळलेल्या गैरसमजुतींचे डाग त्या पुस्तकावर आहेत, हेही सांगायला हवे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत शिकवू लागले. तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांचे विद्यार्थी झाले आणि त्यांनी अलेक्झांडर यांच्या तीन पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. लंडनमध्ये बर्नार्ड शॉ आणि आल्डस हक्सले त्यांच्याकडे शिकले. १९३१ साली त्यांनी शिक्षक घडवण्याचा वर्ग सुरू केला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या पुस्तकात आरशांची ही कहाणी त्यांनी तपशीलवार लिहून ठेवली.

विरोधही होताच. १९४४ साली दक्षिण आफ्रिकेतील एका शारीरिक शिक्षणाच्या नियतकालिकाने त्यांच्या पद्धतीला भोंदूगिरी ठरवले. अलेक्झांडर यांनी बदनामीचा दावा लावला. खटला उभा राहण्याआधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. त्यातूनही ते सावरले आणि पुन्हा शिकवू लागले. १९४८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, १,००० पौंडांची भरपाई मिळाली आणि पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला. अर्थात, न्यायालय ही काही प्रयोगशाळा नव्हे. अब्रू वाचली, पण पद्धतीचा गुण किती हा प्रश्न उरलाच. १० ऑक्टोबर १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळत गेले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळवणारे निको टिंबर्गेन यांनी १९७३ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग अलेक्झांडर यांच्या कामाला दिला. मोठी चाचणी २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. जुनाट किंवा वारंवार उलटणाऱ्या कंबरदुखीचे ५७९ रुग्ण तीत होते. वर्षभरानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे चार आठवड्यांतले साधारण २१ दिवस दुखण्यात जात होते. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांचे ३. सहा धडे घेतलेल्यांचे ११. जुनाट मानदुखीवरच्या २०१५ सालच्या चाचणीतही फायदा दिसला. दम्यासारख्या आजारांसाठी मात्र पुरेसा पुरावा नाही. ही शिकवणी आहे. औषधाची जागा ती घेऊ शकत नाही.

शिकवणीचे सार घरीही अनुभवता येते. खुर्चीवर बसा, एक हात मानेच्या मागे अलगद ठेवा आणि उठा. उठता उठता मानेचे स्नायू आवळून डोके मागे गेले का? आता पुन्हा बसा, उठायचा विचार मनात आणा, पण उठू नका. मान सैल सोडा आणि मग घाई न करता उठा. बाजूने कुणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. आपल्याला वाटले ते आणि प्रत्यक्ष दिसते ते, यांतला फरक ताडून पाहा. मात्र हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर प्रयोग न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्याच.

अलेक्झांडर स्वतःही आधी डॉक्टरांकडेच गेले होते. तिथून परतल्यावर त्यांनी आरसा हाती घेतला आणि स्वतःला जे वाटते त्यापेक्षा त्यात जे दिसते त्यावर विश्वास ठेवला. त्यांचा आवाज परत आला तो तिथून.