अर्थशास्त्राचे विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव घेतले की महाडचे चवदार तळे, भारताचे संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे मला त्यांच्या चरित्रातला आणखी एक भाग विशेष जवळचा वाटतो, तो म्हणजे त्यांचे विद्यार्थिजीवन. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन या तीन शहरांत, मध्ये खंड पडूनही, त्यांनी आपल्याच विषयाचा अभ्यास पुरा केला. त्याची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. मुलाने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. १९०७ साली भीमराव मुंबईत मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणासाठी पैशाची अडचण आली, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. आपण एक पेपर सोडवताना घायकुतीला येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पोटाला चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके विकत घेत. प्रा. सेलिग्मन हे त्यांचे गुरू. कर कोणावर बसवला जातो आणि त्याचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर जातो, हा सेलिग्मन यांच्या अभ्यासाचा विषय होता. भार कोण वाहतो, हा प्रश्न भीमरावांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही, असे मला वाटते.

१९१५ मध्ये एम. ए. होऊन पुढच्या वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत तेवढी त्यांनी पदरात पाडून घेतली. पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धाच्या धामधुमीत ती बोट बुडाली आणि पुस्तकेही गेली.

बडोद्यात याहून वाईट वाढून ठेवले होते. कोलंबियाच्या पदवीधराला त्या शहरात राहायला खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ज्ञानाने माणसाची किंमत वाढते असे आपण म्हणतो. ती किंमत समाजाच्या बाजारात का वटली नाही, याचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळत नाही.

तरीही त्यांनी विषय सोडला नाही. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांनी एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा केवढा आहे एवढेच पाहून भागत नाही, तो कसायला भांडवल आणि अवजारे किती आहेत हेही पाहिले पाहिजे, आणि जमिनीवरची जादा माणसे उद्योगांत गेली पाहिजेत, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतील मुलेही येऊ लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे मात्र काही सहकाऱ्यांना वाटत होते. भीमराव पगारातून पैसे साठवत राहिले, आणि रमाबाई परळच्या चाळीत थोडक्यात संसार ओढत राहिल्या. त्यांच्या सोसण्याचा हिशेब कोणत्याही पदवीपत्रावर लिहिलेला नाही.

स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या जोरावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले आणि मग रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध हाती घेतला. रुपया तेव्हा सुवर्ण विनिमय पद्धतीने चालत असे आणि केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली तिची बाजू घेतली होती. या पद्धतीत रुपये किती पाडावेत याला पक्की मर्यादा नाही, म्हणून देशातल्या देशात रुपयाची खरेदीशक्ती टिकत नाही, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. रुपया उतरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे व्यापारी म्हणत. त्यांनी दाखवले, की किमती चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. तेव्हा हा फायदा बाहेरून येत नाही, तो मजुराच्या खिशातून मालकाच्या खिशात जातो. परीक्षकांनी प्रबंध सुधारून मागितला, त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. मिळवली. ग्रंथरूपाने आलेला हा प्रबंध त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्रा. कॅनन यांनी आपले मतभेद मोकळेपणी नोंदवले. शिष्याने गुरूशी असहमत व्हावे आणि गुरूने त्याच्याच ग्रंथाला प्रस्तावना द्यावी, हे मला फार मोलाचे वाटते.

१९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवहारावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. त्याच वर्षी चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच. डी. त्यांच्या नावावर लागली. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकातूनच जन्मली असे भाषणांतून सांगितले जाते. मला तेवढी उडी घ्यावीशी वाटत नाही. त्यांचे खरे काम एवढे मोठे आहे की त्याला वाढीव श्रेयाची गरज नाही.

मित्रहो, आपण मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढतो, व्याख्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. बाबासाहेबांनी मात्र प्रत्येक सिद्धांताला एकच प्रश्न विचारला : याचा भार कोण वाहतो? अंदाजपत्रक वाचताना, महागाईची बातमी ऐकताना हा प्रश्न आपल्याला सुचू लागला, तर हा विषय घेतल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.