‘मंगल’ आणि ‘रघू’चे जनक

बेलवलीच्या संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर मुंबईत उघडावा आणि पडद्यावर निरर्थक खुणा उमटाव्यात, ही जुनी व्यथा. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. फाईल पोहोचे, अक्षरे मात्र वाटेतच हरवत. युनिकोडने संकेतांत एकवाक्यता आणली. त्या संकेतांना देखणे देवनागरी रूप देणाऱ्यांत अग्रणी होते अक्षरकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी. जन्म १९३६चा. उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शन, पुढे पवईच्या आयआयटीत अध्यापन. विंडोजमधील ‘मंगल’ त्यांचा. एनसीएसटीत घडलेला, लिनक्सवर मुक्तपणे वापरता येणारा ‘रघू’ही त्यांचाच. प्रतिस्पर्धी प्रणालींना एकाच हाताचे वळण लाभावे, हे नवलच! ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.