पंडिता रमाबाई : संकटातही न सुटलेला हात



सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव नावाचे लहानसे स्टेशन येते. बहुतेक जलद गाड्या तेथे न थांबताच पुढे जातात. आपल्यापैकी अनेकांनी ते खिडकीतून पाहिले असेल, पण उतरून गावात गेलेले थोडेच असतील. याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे आणि तेथेच त्यांची समाधी आहे. आज त्यांच्या जीवनाकडे पाहूया.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन ख्रिस्तसभेत झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत राहिल्या नाहीत. श्रद्धेच्या काही बाबतीत त्यांचे विचार आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीपेक्षा वेगळे होते. तरीही सर्व काही हिरावले गेल्यावर प्रभू येशूला धरून कसे राहावे, हे या मराठी भगिनीकडून आपण नक्की शिकू शकतो.

भुकेचे दिवस

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी शिकू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. छोट्या रमाला आईनेच शिकवले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात तिला हजारो श्लोक तोंडपाठ होते.

हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत गावोगाव फिरत असे. घरदार नव्हते. जे दान मिळे त्यावर गुजराण होई. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. स्वतः उपाशी असलेले लोक पुराणिकाला काय देणार? हळूहळू भांडीकुंडी, दागिने सगळे विकले गेले. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. थोड्याच काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

आईच्या शेवटच्या दिवसांची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. भुकेने आईला भ्रम होऊ लागला होता. तिने मुलीला शेजारणीकडून बाजरीची भाकरी मागून आणायला सांगितले. रमा गेली, पण भीक मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. अखेर कसेबसे मागितले. शेजारणीने मायेने तुकडा दिला. तो घेऊन रमा परतली, पण आईच्या अंगात खाण्याचीही शक्ती राहिली नव्हती. आईची तिरडी उचलायलाही पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा भावाबरोबर रमाने खांदा दिला. तिची उंची कमी, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, मिलोची भाकरी खाल्लेले आजी-आजोबा आपल्या सोलापूर जिल्ह्यात आजही आहेत. रमाबाईंच्या मनात ही भाकरी जन्मभर का राहिली असेल, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

एकामागून एक आघात

उरलेली दोघे बहीण-भाऊ, रमा आणि श्रीनिवास, पायी भारत फिरत राहिले. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नसे. पंजाबात झेलम नदीच्या काठी त्यांनी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झाले. पण १८८० च्या मे महिन्यात श्रीनिवासही गेला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला आणि आसाममधील सिल्चर येथे संसार थाटला. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक दिवस बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले. ते वाचून त्यांच्या मनात ओढ निर्माण झाली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा ही मुलगी झाली. आता कुठे सुखाचे दिवस आले, असे वाटत असतानाच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. पदरी दहा महिन्यांचीही न झालेली मुलगी, आणि माहेर म्हणावे असे कोणीच उरले नव्हते.

प्रश्न विचारणारी श्रद्धा

रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही, हे तेथे कळले. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तो दरवाजाच बंद झाला.

वाँटेज गावी त्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहत होत्या. सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जात होते. अशा स्त्रियांविषयी एवढी माया कशी वाटते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांच्या काळजाला भिडली. काशीत वाढलेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांनीही त्यांच्या शंका दूर होण्यास मदत झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि छोट्या मनोरमेचा स्नानसंस्कार झाला.

पण त्याच महिन्यात, स्नानसंस्काराच्या थोडे आधी, त्यांच्यासोबत भारतातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी मनाच्या अस्वस्थतेत आपले जीवन संपवले होते. परक्या देशात स्वतःच्या भाषेत बोलणारी एकमेव सोबतीण गेली. ज्या दिवसांत आनंद व्हायचा, त्याच दिवसांत हे दुःख पदरात पडले.

स्नानसंस्कारानंतर सगळे प्रश्न मिटले असेही नाही. त्रैक्याविषयी, प्रभू येशूच्या देवत्वाविषयी, ख्रिस्तसभेच्या अधिकाराविषयी त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. समजल्याशिवाय होकार देणे त्यांना जमत नसे. क्रुसावरचा लेख लॅटिनऐवजी संस्कृतात असावा, असा त्यांचा आग्रह होता. जेवणही शाकाहारीच ठेवले. आपण ख्रिस्ती झालो म्हणून परके झालो नाही, हे त्या जगून दाखवत होत्या. इकडे मायदेशी लोक धर्म सोडला म्हणून रागावले होते, तर तिकडे इंग्लंडमधील काही जण ही बाई फार हट्टी आहे म्हणून नाराज होते. दोन्हीकडून एकटेपणा वाट्याला आला. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि बायबलही बाजूला ठेवले नाही.

आपल्या मनात शंका आली की आपण घाबरतो. कोणाला सांगितले तर काय म्हणतील, असे वाटते. रमाबाई आपल्या शंका लपवत नसत. उत्तर मिळेपर्यंत त्या वाचत, विचारत आणि प्रार्थना करीत राहत. आणि उत्तर सावकाश मिळाले. स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण जिवंत ख्रिस्ताला अजून पूर्णपणे भेटलो नव्हतो. तेव्हापासून त्यांच्या श्रद्धेला नवी शांती लाभली.

उघडे राहिलेले दार

अमेरिकेत मदत गोळा करून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९० साली सदन पुण्यात आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मान्यवर मंडळी सल्लागार होती. मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. ज्यांना आपापल्या पद्धतीने पूजाअर्चा करायची, त्यांना मोकळीक होती.

पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून टीका झाली. मुली येऊ नयेत म्हणून दार लावून घ्यावे, एवढीच अपेक्षा होती. रमाबाईंनी ते मान्य केले नाही. मी कोणाला बोलावणार नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. वर्षानुवर्षांचे काम मोडकळीस आले असे दिसत होते.

त्या वेळी दार लावले असते तर सदन वाचले असते, मान राहिला असता. निर्णय सोपा नव्हता, कारण प्रश्न एकट्या रमाबाईंचा नव्हता. ज्या बालविधवा घरी परत गेल्या, त्यांच्या शिक्षणाचाही तो प्रश्न होता. त्यांना सल्ला देणारे लोक वाईट नव्हते. त्यांनीच अडचणीच्या काळात हात दिला होता. अशा माणसांना नाही म्हणणे फार जड जाते. रमाबाईंनी ती किंमत मोजली आणि उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवले.

दुष्काळातल्या लेकी

१८९६-९७ साली पुन्हा भीषण दुष्काळ पडला. आपला सोलापूर जिल्हाही त्यात होरपळला. मध्य प्रांतातील बातम्या ऐकून रमाबाईंना आपले बालपण आठवले. हाती पैसे नव्हते, तरी त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या, वाईट माणसांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या आणि तीनशेच्या आसपास मुलींना आणले. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावला फळबागेसाठी शंभर एकर जमीन घेतलेली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

दोन हजार माणसांचे रोजचे जेवण म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या प्रत्येक आईला समजेल. निश्चित उत्पन्न नव्हते. मिळेल त्या देणगीवर आणि देवावर भरवसा ठेवून चूल पेटत होती. विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग लावले, गाई ठेवल्या, तेलघाणी आणि छापखाना चालवला. अंध स्त्रियांना मनोरमेने ब्रेल लिपी शिकवली. ज्या मुलीला आईसाठी भाकरीचा तुकडा मागताना शब्द फुटला नव्हता, तिच्या हातून आता हजारो लेकींच्या ताटात भाकरी पडत होती.

शेवटची परीक्षा

उतारवयात रमाबाईंनी एक मोठे काम हाती घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर सुरू केले. संस्कृतच्या या पंडितेने जड संस्कृत शब्द टाळले, कारण केडगावच्या साध्या बायकांना देवाचे वचन स्वतः वाचून समजावे, अशी त्यांची इच्छा होती. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतची कामे तेथील स्त्रियाच करीत.

कान जवळजवळ गेले होते, प्रकृती ढासळली होती. आपल्यानंतर मनोरमा सगळे सांभाळील, हा एकच दिलासा होता. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही आईच्या आधी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी! या वेळी रमाबाई खचून गेल्या असत्या तर कोण दोष देणार होते? त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ते काम संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी, पुनरुत्थान सणाआधीच्या उपवासकाळात, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे काम आजही चालू आहे.

आपल्यासाठी

आपल्या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा किती घरांत अंधार पडला, हे आपण पाहिले आहे. मागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या माउल्या, नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले, आजारपणाने कर्जात गेलेली कुटुंबे आपल्यातही आहेत. देव कुठे आहे, हा प्रश्न अशा वेळी मनात येतो. तो मनात आला म्हणजे श्रद्धा गेली असे नाही. रमाबाईंच्या मनातही असे प्रश्न आले. प्रश्नांसकट त्या प्रभूजवळ बसल्या आणि हातातले काम त्यांनी सोडले नाही. दुःखातून त्यांना ज्यांची ओळख पटली, त्यांच्याच सेवेला त्या लागल्या.

या आठवड्यात कुटुंबातील प्रार्थनेच्या वेळी आपण एकमेकांना विचारूया : आपल्या वस्तीत आज कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही? माझ्या मनातली कोणती शंका मी प्रभूपासून लपवत आहे?

हे प्रभो, आमच्या अडचणी तू जाणतोस. उत्तर मिळायला उशीर लागला तरी तुझा हात आम्ही सोडू नये, आणि आमच्या दारी येणारा कोणीही उपाशी परत जाऊ नये, अशी कृपा आम्हांला दे. आमेन.