शिष्यवृत्ती संपली, शिक्षण थांबले नाही

कळंब्याच्या आमच्या वाचकांस कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज परके नाहीत. त्यांच्या साहाय्याचा हात डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१-१९५६) यांनाही लाभला होता. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे लंडनमधील अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्ती संपली. १९१७ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. त्यास शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांची जोड मिळाली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. आपल्या मुलामुलींची शिष्यवृत्ती अपुरी पडल्यास उरलेला भार आपण सर्वांनी वाटून घ्यावा, असे आम्हांस वाटते.