रामशेज ते खुलताबाद: मुघल सत्ता का बुडाली?

नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर आशेवाडी गावाच्या डोक्यावर रामशेजचा किल्ला दिसतो. सह्याद्रीतील इतर किल्ल्यांच्या मानाने तो बुटका. ना भोवती घनदाट जंगल, ना चढण फार अवघड. १६८२ साली औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरला आणि त्याने शहाबुद्दीन खान या नामांकित सरदाराला या किल्ल्यावर धाडले. त्याला किल्ला घेता आला नाही. त्याच्या जागी दुसरा सरदार आला, मग तिसरा आला, तेही हात हलवत परतले. सुमारे साडेपाच वर्षांनी किल्ला मुघलांच्या हाती पडला, तोही तलवारीने नव्हे, किल्लेदाराला पैसे चारून. जगातील अतिश्रीमंत सत्तांपैकी एक असलेल्या मुघलांना नाशिकजवळची ही टेकडी इतकी वर्षे का झुंजवत राहिली? या प्रश्नाचे उत्तर शोधले तर ती सत्ता पुढे का बुडाली, याचेही उत्तर हाती लागते.

हा विषय आजच का काढला, असे कोणी विचारील. मार्च २०२५ मध्ये याच औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली, संचारबंदी लागली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसापायी आजची पोरे तुरुंगात जातात. दंगलीच्या खटल्यांत आरोपी म्हणून उभी राहणारी पोरे बहुधा कोणाच्या घरची असतात, हे आम्ही वकिली करताना पाहत आलो आहोत. ती हातावर पोट असणाऱ्यांची असतात. भाषणे करणारे मात्र घरी सुखरूप असतात. म्हणून या माणसाचे आयुष्य नीट तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

औरंगजेबाचा जन्म १६१८ साली गुजरातेतील दाहोद येथे झाला. शहाजहान बादशहाचा हा तिसरा मुलगा. अठराव्या वर्षी, १६३६ मध्ये, तो दख्खनचा सुभेदार झाला. आपल्या नाशिक जिल्ह्याशी त्याचा संबंध तेव्हापासूनचा. १६३८ मध्ये त्याच्या फौजेने मुल्हेरला वेढा घालून बागलाणचे राज्य घेतले आणि तेथील राजाला मनसब देऊन आपल्या चाकरीत ओढले. मुघलांची रीतच तशी होती. शत्रूला हरवायचे आणि मग त्याला नोकरीत घ्यायचे. जोवर द्यायला जहागिरी शिल्लक होत्या, तोवर ही रीत चालली.

१६५३ च्या सुमारास तो दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला. मुलूख उजाड झाला होता. मुर्शिद कुली खान या त्याच्या दिवाणाने जमिनींची पाहणी केली, शेतकऱ्यांना बैल व बियाणे घेण्यासाठी तगाई दिली आणि पीक पाहून सारा ठरवला. शेतकरी जगला तरच तिजोरी भरते, हे तरुण औरंगजेबाने डोळ्यांनी पाहिले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

१६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चारही भाऊ एकमेकांवर तुटून पडले. मुघल घराण्यात थोरल्याला गादी मिळावी असा कायदाच नव्हता. ज्याची तलवार चालेल त्याचे तख्त. औरंगजेबाने दाराला १६५९ मध्ये ठार करवले, मुरादला तुरुंगात टाकून १६६१ मध्ये मारवले, शुजा आराकानकडे पळाला तो परतलाच नाही. बाप आग्र्याच्या किल्ल्यात १६६६ मध्ये मरेपर्यंत कैदेत राहिला. आणि हाच बादशहा पुढे विद्वानांची मंडळी बसवून फतावा-ए-आलमगिरी हा इस्लामी कायद्याचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतो! खासगी आयुष्यात तो साधा होता, धर्मनिष्ठ होता, कामसू होता. पण प्रजेच्या तंट्यांसाठी कायद्याचा ग्रंथ करवून घेणाऱ्याने आपल्या तख्ताला मात्र कायदा दिला नाही.

त्याच्या कारभारातील अन्याय झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. काशी, मथुरेची देवळे पाडली गेली. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांना मारण्यात आले. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला गेला आणि त्याचा खरा चटका श्रीमंताला नव्हे, गरिबाला बसला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. पण केवळ धर्मवेडापायी साम्राज्य बुडाले, असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. इतिहासकार अतहर अली यांनी त्या काळातील सरदारांच्या याद्या तपासल्या. औरंगजेबाच्या पहिल्या वीस वर्षांत वरच्या मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या थोडे वर होते, पुढच्या काळात ते तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ गेले. आणि १६८६ मध्ये त्याने बुडवलेले विजापूर व १६८७ मध्ये बुडवलेली गोवळकोंडा ही मुसलमानांचीच राज्ये होती.

मग खरे दुखणे कोठे होते? ते जमिनीत होते. मनसबदाराला पगाराऐवजी गावांचा सारा वसूल करण्याचा हक्क, म्हणजे जहागीर मिळे. ती तीन-चार वर्षांत बदले. पुढच्या वर्षी हे गाव आपले नसणार, हे ठाऊक असलेला जहागीरदार विहीर कशाला बांधील? तो असेल ते ओरबाडून घेई. कुंपणच शेत खाऊ लागले. रयतेला तक्रार करायला दरबार होता, पण तिचा टिकाऊ हक्क कागदावर कोठेच नव्हता. मग रयत गाव सोडी, नाही तर बंडात जाई. १६६९ मध्ये मथुरेकडे जाट शेतकरी उठले. १६७२ मध्ये नारनौलला सतनामी उठले. हे सतनामी म्हणजे शेतकरी, कारागीर, हलक्या समजल्या गेलेल्या जातींचे लोक. दरबारी इतिहासलेखकांनी त्यांच्या जातींचा उल्लेख तुच्छतेने केला आहे. पण त्यांना आवरण्यासाठी बादशाही फौज धाडावी लागली होती!

दख्खनच्या युद्धाने हे दुखणे विकोपाला नेले. विजापूर, गोवळकोंड्याचे आणि मराठ्यांचे फुटलेले सरदार मनसबदार झाले. मागणारे वाढले. त्यातच युद्धखर्चासाठी चांगला मुलूख बादशहाने खालसात ठेवला. कित्येकांना मनसब मिळाली, जहागीर मिळेना. ज्यांना मिळाली त्यांना कागदावरचा आकडा आणि हाती येणारा वसूल यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसे. एकाच गावाकडून मुघल सारा घेई आणि मराठे चौथाई घेत. पोट न भरणारा सरदार किल्ला घेण्यासाठी जीव का देईल? वेढा लांबवण्यात, शत्रूशी आतून समेट करण्यात त्याचा फायदा. रामशेजला पडलेला प्रश्न सुटतो तो येथे. भिंतीआडच्या मावळ्याला आपला मुलूख राखायचा होता, बाहेरच्या सरदाराला फक्त आपली जहागीर राखायची होती.

१७०० मध्ये राजाराम महाराज वारले, पण ताराबाईंनी लढा पुढे नेला. ऐंशी ओलांडलेला बादशहा सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड असा एकेका किल्ल्यामागे धावत राहिला. घेतलेले किल्ले पाठ फिरताच परत जात. ३ मार्च १७०७ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अहमदनगरजवळ भिंगारला त्याचा अंत झाला. पंचवीस वर्षांत तो उत्तरेकडे परतलाच नाही.

आणि मग काय झाले? पोरे पुन्हा एकमेकांवर तुटून पडली. जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत आझम मेला, १७०९ मध्ये कामबक्ष मेला. बापाने घालून दिलेला कित्ताच त्यांनी गिरवला. १७१९ या एका वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले. सुभेदार स्वतंत्र होऊ लागले. रामशेजवर पहिला वेढा घालणाऱ्या शहाबुद्दीन खानाच्याच मुलाने, निजाम-उल-मुल्कने, १७२४ मध्ये दख्खनमध्ये आपले वेगळे बस्तान बसवले. तेच हैदराबादचे संस्थान. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. १८५७ नंतर इंग्रजांनी शेवटच्या बादशहाला रंगूनला धाडले आणि १८६२ मध्ये तो तेथेच वारला.

एखादी सत्ता एकाच माणसाच्या मर्जीवर उभी असेल, गादी कोणाची हे तलवार ठरवत असेल आणि जमीन कसणाऱ्याला हक्क नसेल, तर तो माणूस कितीही कर्तबगार असो, ती सत्ता त्याच्यामागे टिकत नाही. राजाचा धर्म कोणताही असो, हा नियम बदलत नाही.

खुलताबादला त्याची कबर आहे. साधी, वर छप्पर नसलेली, उघड्या मातीची. ती उखडून कोणाच्या शेताला पाणी मिळणार नाही आणि तिच्यावर फुले वाहून कोणाच्या पोराला नोकरी लागणार नाही. तरुणांनी कबरीवरून डोकी फोडण्यापेक्षा एकदा रामशेज चढावा. सत्ता कोणाच्या हाती आहे यापेक्षा ती कोणत्या कायद्याने बांधली आहे, हा प्रश्न विचारायला शिकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.