माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन : राजदूत आणि ग्रंथकार

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत इंग्रज साहेबाचे चरित्र कशाला, असे वाचक बंधुभगिनींना वाटणे साहजिक आहे. परंतु पेशवाई बुडाल्यावर देवस्थानांच्या इनामांचे काय झाले, हे समजण्यासाठी या गृहस्थाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

एल्फिन्स्टन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी एका स्कॉटिश सरदार घराण्यात झाला. १७९६ साली, वय अवघे सोळा असताना, ते कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आले. १८०३ मध्ये असईच्या रणात ते वेलस्लीसोबत होते. त्याच साली नागपूरकर दुसरे रघूजीराजे भोसले यांच्याशी देवगावचा तह झाला आणि १८०४ मध्ये एल्फिन्स्टन नागपूर दरबारी कंपनीचे वकील, म्हणजे रेसिडेंट, म्हणून आले. १८०८ मध्ये त्यांना अफगाणिस्तानच्या शहाकडे वकिलातीवर पाठविण्यात आले. १८०९ मध्ये पेशावर येथे शाह शुजाची भेट झाली. प्रत्यक्ष काबूल त्यांनी पाहिले नाही. तरीही माहीतगारांना विचारून त्यांनी त्या राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८११ पासून ते पुण्यास रेसिडेंट होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. ज्या निशाणाचे नाव आपला जरीपटका आजही धारण करून आहे, ते निशाण त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेत फडकत होते. संगमावरील रेसिडेन्सी जळाली. साहेबांची पुस्तके व कागद राख झाले. तरीही मराठ्यांचे राज्य गेले, आणि ते घालविण्यात या माणसाचा मोठा हात होता, हे विसरता येत नाही.

मात्र ११ फेब्रुवारी १८१८ रोजी सातारा येथे काढलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी वतने, इनामे, वर्षासने व देवस्थानांचे खर्च चालू ठेवण्याची हमी दिली. लोक शांत राहावेत हा त्यात हेतू होताच. पण त्यामुळे पुष्कळ देवळांतील दिवाबत्ती चालू राहिली. १८१९ च्या आपल्या अहवालात त्यांनी गावगाडा, पाटील, कुलकर्णी व पंचायत यांचे बारकाईने वर्णन केले. त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीही पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून. १८२७ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे गव्हर्नर जनरलपद देऊ केले असता त्यांनी नाकारले व लेखनास वाहून घेतले. १८४१ मध्ये त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

हमी मिळाली तरी गोष्ट तेथेच संपली नाही. १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासल्या, तेव्हा ज्यांचे कागद अपुरे पडले त्यांची अनेक इनामे खालसा झाली. साहेबांचा शब्द होता, परंतु कामी आला तो कागद. यावरून आपण एवढाच बोध घ्यावा : आज भाविकांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, जमिनीचा उतारा आणि विश्वस्तांचे ठराव नीट जपावेत. मंदिराचा कळस कारागीर चढवितात; त्याचे हक्क मात्र दप्तर राखते.