अणुगर्भाची गोलाई मोडणारे रेनवॉटर

१९७५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक तिघांत वाटले गेले. कोपनहेगनचे ओगे बोर व बेन मॉटेलसन ही नावे पुढे आली. तिसरे नाव होते न्यूयॉर्कच्या जेम्स रेनवॉटर यांचे. पण मूळ ठिणगी पडली ती या तिसऱ्या गृहस्थांच्या डोक्यात.

रेनवॉटर यांचा जन्म ९ डिसेंबर १९१७ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात, कौन्सिल या लहानशा गावी झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वडील गेले आणि आई तान्ह्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियात आली. १९३९ मध्ये कॅलटेकची पदवी घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेवढ्यात युद्ध पेटले. अणुबाँबच्या मॅनहॅटन योजनेसाठी न्यूट्रॉनांचे मापन करण्यात ती वर्षे गेली. प्रबंधाचे कामही गुप्त ठरल्याने डॉक्टरेट मिळाली ती १९४६ साली.

त्या काळी अणुगर्भाविषयी दोन मते होती. एक म्हणे, तो पाण्याच्या थेंबासारखा एकसंध. दुसरे मत १९४९ मध्ये मारिया मेयर आणि येन्सेन यांनी मांडले : प्रत्येक कण आपापल्या कक्षेत स्वतंत्रपणे फिरतो. या दुसऱ्या मताने पुष्कळ कोडी सुटली. एक मात्र सुटेना. अणुगर्भातील विद्युत्भार गोलापासून किती ढळला आहे, हे मोजता येते. लुटेशियमसारख्या मूलद्रव्यांत हा आकडा इतका मोठा निघे की, तो एकट्यादुकट्या प्रोटॉनच्या आवाक्यातला नव्हता.

१९४९ च्या अखेरीस चार्ल्स टाउन्स यांनी कोलंबियात याच विषयावर व्याख्यान दिले. ते ऐकताना रेनवॉटर यांना उलगडा झाला. फुग्यात गोटी गरगर फिरवली की फुगा तिच्या रेट्याने ताणला जातो. तसेच बाहेरच्या कक्षेतील कण आतल्या गाभ्याला ताणतात आणि सारा अणुगर्भच लंबगोल होतो! १९५० मध्ये त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला.

ओगे बोर त्या वर्षी पाहुणे म्हणून कोलंबियात होते, तेही रेनवॉटर यांच्याच खोलीत. दोघांच्या चर्चा होत. मायदेशी परतल्यावर बोर यांनी मॉटेलसनसह १९५२-५३ मध्ये त्या बीजाचा वृक्ष केला. नितळ वाटोळ्या अणुगर्भाच्या फिरण्याला पुंजवादात अर्थच नाही. लंबगोलाला दिशा असते, म्हणून त्याचे फिरणे मोजता येते. सम-सम अणुगर्भ असे फिरू लागले की त्यांच्या ऊर्जेच्या पायऱ्या १, ३.३३, ७ या प्रमाणात चढतात. वाटोळा अणुगर्भ नुसता थरथरतो तेव्हा त्या साधारण १, २, ३ अशा सारख्या अंतराने येतात. प्रयोगांत दोन्ही तऱ्हा आढळल्या.

रेनवॉटर स्वतः या सिद्धान्तामागे लागले नाहीत; ते मुळात प्रयोगशाळेतले गडी. १९५३ मध्ये व्हाल फिच यांच्याबरोबर त्यांनी म्युऑनांच्या क्ष-किरणांवरून अणुगर्भ मानला जाई त्याहून लहान असल्याचे दाखविले. न्यूट्रॉनांची मोजणी तर त्यांनी पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली.

पेरणी एकाची आणि मळणी दुसऱ्याची, असा प्रकार विद्येच्या शेतात नेहमीचाच. येथे निदान, पंचवीस वर्षांनी का होईना, पेरणाऱ्याचा वाटा त्याच्या पदरात पडला. ३१ मे १९८६ रोजी न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे त्यांचे निधन झाले.